गराजमधून या

शरयूवहिनींनी हळदीकुंकवाची तारीख ऑक्टोबरातच ठरवली होती, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. शिकागोचा अमेरिकन फुटबॉलचा संघ जानेवारीत खेळत नाही, या भरवशावर शॉमबर्गमधल्या समस्त मराठी बायका गेली कित्येक वर्षं आपली हळदीकुंकवं बेतत आल्या होत्या. संघ डिसेंबरात हरायचा, नवरे आठवडाभर धड जेवायचे नाहीत आणि संक्रांतीपर्यंत पुन्हा माणसांत यायचे. या वर्षी संघाने विश्वासघात केला. तो प्लेऑफमध्ये पोचला. त्यातही गाठ जुन्या वैऱ्याशी, ग्रीन बेशी, सामना घरच्या मैदानावर, आणि तोही रविवारी दुपारी साडेतीनला. हळदीकुंकू चार ते सात.

"मग पुढे ढकल की," प्रल्हाददादा म्हणाला होता.

"संक्रांत पुढे ढकलू?"

"संक्रांत बुधवारी होऊन गेली, शरयू. ती तू रविवारवर ढकललीच आहेस. आणखी एक रविवार ढकल. रथसप्तमीपर्यंत चालतं."

"बत्तीस बायकांना ई-मेल गेलीय."

शेवटी तह झाला. वरचा मजला बायकांचा, बेसमेंट पुरुषांचं. पुरुषांनी ओरडायचं नाही, बायकांनी स्कोअर विचारायचा नाही, आणि प्रल्हाददादाने एकदा खाली गेल्यावर जिना चढायचा-उतरायचा नाही, कारण नोव्हेंबरात त्याची बायपास झाली होती. या तहात प्रल्हाददादाच्या बहिणीचं, रत्नाचं, नाव कुठेच नव्हतं. ते तिला शुक्रवारी फोनवर कळलं.

"रत्नाताई, वड्या झाल्या का हो?" शरयूवहिनींनी विचारलं.

"दोनशे झाल्या. खुसखुशीत झाल्यात."

"तुमच्या हाताला तोड नाही बाई. आणि हे बघा, रविवारी तुम्ही गराजमधून या. दार उघडं ठेवायला सांगते ईशानला. तिथनं सरळ बेसमेंट. तुम्हाला मॅच आवडते ना!"

रत्नाच्या नवऱ्याला, चंद्रशेखरला, जाऊन चौदा महिने झाले होते. गेली संक्रांत सुतकाच्या वर्षात गेली, त्यामुळे प्रश्न आला नव्हता. या वर्षी तो आला आणि वहिनींनी तो गराजमधून सोडवला. वड्यांची मात्र काही अडचण नव्हती. वडीला नवरा नसतो.

"बरं," ती म्हणाली. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात इतक्या रागाने ती 'बरं' कधीच म्हणाली नव्हती.

रविवारी ती गराजमधून आली. बर्फ ढकलायचं यंत्र, मिठाची पोती आणि पेपर टॉवेलचा डोंगर ओलांडून तिने बूट काढले, दारातच वड्यांचा डबा निधीच्या हातात दिला. निधी ईशानची बायको, या घरची सून. तिने डबा घेतला, आत्याकडे न बघता "थँक्यू आत्या" म्हटलं आणि ती वर पळाली. तिच्या साडीची सळसळ जिन्याच्या वळणापर्यंत ऐकू आली. रत्नानेही साडी नेसली होती. काळी, बारीक काठाची, खास संक्रांतीची. बेसमेंटमधल्या तिघांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नाही. ते सोळा–शून्यने हरत होते.

"ये आत्या," ईशान टीव्हीकडे बघत म्हणाला. "बघवत नाहीये. सेकंड हाफ सुरू झालाय आणि हे लोक अजून झोपलेत."

"ग्रीन बेवाले बघा ना," गुरुनाथ म्हणाले. हे शेजारच्या गल्लीतले, मूळचे नागपूरचे, आणि प्रत्येक पराभवाला आपल्या वैयक्तिक अपमानाचा दर्जा देणारे. "डोक्यावर फोमच्या चीजचे त्रिकोण घालून प्रेक्षकांत बसलेत. मोठमोठे माणसं! यांच्याकडून हरायचं म्हणजे हद्द झाली."

"रेफरी विकला गेलाय," प्रल्हाददादा म्हणाला.

"बाबा, रेफरीने आत्ताच आपल्या बाजूने दिलं."

"तेच म्हणतोय. विकला गेलाय म्हणून त्याला मन खातंय."

टीव्हीसमोर मधोमध चंद्रशेखरची खुर्ची होती. मागे रेलणारी, तपकिरी, हातावर चहाचे डाग असलेली. रत्नाने मोठं घर सोडून लहान घेतलं तेव्हा ती इथे आली होती. तिच्यावर त्याची निळी-नारिंगी लोकरी टोपी ठेवलेली होती आणि तिच्यावर कोणी बसत नसे. या खुर्चीला इतिहास होता. शहाऐंशीच्या जानेवारीत शिकागोने सुपर बोल जिंकला, तेव्हा चंद्रशेखर हिच्यावर बसला होता. आणि काही वर्षांपूर्वी प्लेऑफमध्ये शेवटच्या किकला बॉल आधी खांबावर, मग आडव्या दांडीवर आपटून बाहेर पडला, तेव्हा चंद्रशेखर चिवडा आणायला उठला होता. त्या चिवड्याबद्दल प्रल्हाददादाने मेहुण्याला शेवटपर्यंत माफ केलं नाही. दोघंही इंजिनिअर होते.

रत्ना घर तापवणाऱ्या भट्टीजवळच्या घडीच्या खुर्चीवर बसली. वरून पाटल्या-बांगड्यांचा आवाज, हसणं, "अगंबाई, वजन किती कमी केलंस!" असं खोटं बोलणं ऐकू येत होतं. चाळीस वर्षं जानेवारीतल्या रविवारी ती वर असायची आणि तिचा जीव खाली, दुसऱ्या संघांच्या का होईना, मॅचमध्ये असायचा. नवी नवरी म्हणून इथे आली तेव्हा बाहेर उणे वीस होतं, चंद्रशेखर कामावर, आणि घरात बोलणारं एकच होतं, टीव्ही. त्या टीव्हीने तिला जे इंग्लिश शिकवलं, त्यात मैदानावरचं 'थर्ड डाउन' आधी आलं आणि 'हाउ डू यू डू' नंतर. चंद्रशेखर सांगायचा, रत्नाला नियम माझ्यापेक्षा जास्त कळतात. आता अखेर तिला हक्काने मॅच बघायला मिळत होती, आणि तिला एक अक्षर दिसत नव्हतं.

घडीच्या खुर्चीने गुडघा धरला. ती उठली, टोपी उचलून मांडीवर घेतली आणि चंद्रशेखरच्या खुर्चीत बसली.

"आत्या, ती..." ईशान म्हणाला, आणि पुढचं राहिलंच. ग्रीन बेच्या माणसाच्या हातून बॉल सुटला, शिकागोच्या माणसाने तो उचलला आणि तो जो पळत सुटला तो थेट शेवटच्या रेषेपार, टचडाउन करूनच थांबला.

सोळा–सात. तह मोडून तिघं ओरडले. वरून काठीने जमीन ठोकल्याचा आवाज आला.

पाच मिनिटांनी रत्ना पाणी घ्यायला उठली. शिकागोने बॉल घालवला. ती बसली. ग्रीन बेला तो टिकवता आला नाही.

प्रल्हाददादा हळूच वळला. त्याच्या चेहऱ्यावर भक्ताचा भाव होता. "रत्ना, तुला काय हवं ते सांग. उठू नकोस."

मग तिची जी बडदास्त सुरू झाली ती तिने माहेरपणातही अनुभवली नव्हती. ईशानने पाणी आणलं, मग पाण्यात बर्फ नको म्हणून दुसरं पाणी आणलं. गुरुनाथांनी पायाखाली उशी ठेवली आणि शेकायची पिशवी गरम करून दिली. "रत्नावहिनी, गुडघा कसा आहे? त्याला आराम द्या. हलवूच नका." शेवटच्या भागात शिकागोने दुसरा टचडाउन केला. सोळा–चौदा.

"चंद्रशेखर वरून बघतोय," गुरुनाथ गहिवरून म्हणाले.

"वरून नाही, खालूनच," रत्ना म्हणाली. "वर मज्जाव आहे."

कोणी हसलं नाही. कोणी ऐकलंच नव्हतं.

ऐकलं ते सईने. ईशानची मुलगी, ॲन आर्बरच्या विद्यापीठात शिकणारी, वीस वर्षांची. आजीच्या आग्रहावरून काळी साडी नेसून, पायात मात्र जाड मोजे घालून ती स्कोअर बघायला खाली आली होती.

"आत्याआजी! तू इथे? वर सगळ्या तुझ्या वड्यांची रेसिपी विचारतायत. चल ना."

"मला बोलावलं नाही, बाळा."

"बोलावलं नाही म्हणजे? इट्स अवर हाउस."

रत्नाने तिला सांगितलं. दोन वाक्यांत, आवाज न चढवता. सईचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"बिकॉज काका आजोबा डाइड? आर यू किडिंग मी? बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"काय?" ईशान म्हणाला. "सई, समोरून बाजूला हो, प्लीज. थर्ड डाउन आहे."

सई जिना चढून गेली. जाड मोजे असूनही तिची पावलं ऐकू आली. मग वरचं हसणं थांबलं आणि एकाच मुलीचा आवाज बराच वेळ येत राहिला. त्यानंतर निधी खाली आली. तिच्या हातात ट्रे नव्हता, पण ती ट्रे धरल्यासारखी चालत होती.

"आत्या, मी आणि सईने आईंना खूप समजावलं. आई म्हणाल्या, तुम्ही किचनमध्ये या. तिथे तुम्हाला वाण देतील. आणि हळद लावतील."

"हळद."

"हो."

"आणि कुंकू?"

निधीने पदर सारखा केला. "हळद तरी लावतायत, आत्या. सुरुवात म्हणून."

रत्ना उठली.

"आत्या, नाही!" ईशान किंचाळला. "एक मिनिट चाळीस सेकंद राहिलेत! बॉल आपल्याकडे आहे!"

"रत्नावहिनी, बसा, हात जोडतो," गुरुनाथ म्हणाले, आणि त्यांनी खरंच जोडले.

"बस, रत्ना," प्रल्हाददादा म्हणाला. "दोन मिनिटांनी जा हवं तिथे."

रत्नाने टोपी खुर्चीवर ठेवली. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं एकदम वर आलं.

"वरती मी आले तर कोणाचं तरी कुंकू धोक्यात. खाली मी उठले तर फील्ड गोल धोक्यात. मध्ये तेरा पायऱ्या आहेत फक्त! तेरा पायऱ्यांत मी एवढी बदलते? तुम्ही शिकलेली माणसं आहात की कोण आहात? गुरुनाथ भावजी, तुम्ही पूल बांधलेत ना हो? कोणाला खुर्चीत बसवून बांधलेत?"

आणि ती गुडघा धरून जिना चढली.

वर दिवाणखान्यात तिळाचा, अत्तराचा आणि ओल्या कोटांचा वास होता. बत्तीस बायका काळ्या साड्यांत बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या हातात वाण म्हणून आलेले, चार्ज करून तापणारे हॅन्ड वॉर्मर होते. सगळ्यांनी ते एकाच वेळी अतिशय काळजीपूर्वक बघायला सुरुवात केली. शरयूवहिनी मधोमध उभ्या होत्या. हातात चांदीचा करंडा.

"रत्नाताई, किचनमध्ये..."

"किचनमध्ये का? मी भाजी आहे?"

"सगळ्यांसमोर नको हो."

"सगळ्यांसमोरच हवं. वड्या सगळ्यांसमोर खाल्ल्यात ना? नोव्हेंबरात दादाला उघडलं तेव्हा हॉस्पिटलात नऊ दिवस मी तुमच्या शेजारी बसले होते. तिथे कोणत्या दाराने येऊ असं विचारलं होतं का मी? माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलात तुम्ही. तेव्हा मी चालले!"

शरयूवहिनींनी करंडा छातीशी धरला. त्या भांडतील असं रत्नाला वाटलं होतं, तिची तयारी होती. पण त्या अगदी हळू बोलल्या.

"तेव्हापासूनच. रोज रात्री मी यांच्या छातीवर हात ठेवून बघते. एक वर्षी चंद्रशेखरराव गेले, पुढच्या वर्षी यांना उघडलं. मला कळतं हो, हे खुळं आहे. सगळं कळतं. पण करंडा उघडला की माझा हातच पुढे होत नाही."

रत्नाचा राग क्षणभर अडखळला. ही भीती तिच्या ओळखीची होती. चंद्रशेखरच्या शेवटच्या सहा महिन्यांत तीही काय काय टाळत होती. शनिवारी नखं कापली नव्हती, काळी पर्स वापरली नव्हती.

"भीती मलाही वाटायची, वहिनी," ती म्हणाली. "पण माझ्या भीतीपायी मी कोणाला गराजमधून आणलं नाही."

तेवढ्यात बेसमेंटचं दार उघडलं आणि तहाचं उरलंसुरलं कलम मोडून प्रल्हाददादा वर आला. अंगात निळी जर्सी, तिच्या गळ्यातून टाक्यांची वरची रेघ दिसत होती, आणि तो धापा टाकत होता.

"अहो! जिना!" शरयूवहिनी ओरडल्या.

"रत्ना, तीन सेकंद उरलेत! सोळा–चौदा. फील्ड गोल मारायचाय, बसला की तीन पॉइंट, जिंकलो! त्या चीजवाल्यांनी टाइमआउट घेतलाय, आपल्या किकरचं मन डळमळावं म्हणून. चल, खुर्ची रिकामी आहे!"

"कुंकू लावल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"मग लाव गं तिला, शरयू! उशीर कशाला?"

"तुम्हाला काही कळतंय का?" शरयूवहिनींचा आवाज फाटला. "मी कोणासाठी थांबलेय? कोणासाठी?" आणि त्यांनी करंड्याच्या हातानेच त्याच्या गळ्याशी दिसणाऱ्या रेघेकडे बोट केलं.

प्रल्हाददादाने खाली आपल्या छातीकडे पाहिलं. मग बायकोकडे. मग बहिणीकडे, तिच्या काळ्या साडीकडे, आणि या वेळी ती साडी त्याला दिसली.

"माझ्यासाठी हिला गराजमधून आणलीस?" त्याने विचारलं. "रत्ना, मला वाटलं तू मॅचसाठी खाली आलीस. आवडीने."

"दीड तास तुझ्यासमोर बसले होते, दादा. एकदा विचारलंस? तुला मी दिसलेच नाही. तुला खुर्ची भरलेली दिसली."

"प्रल्हादराव!" खालून गुरुनाथांची हाक आली. "टाइमआउट संपला! या लवकर!"

प्रल्हाददादाने जिन्याच्या दाराकडे पाहिलं. पंचेचाळीस वर्षांत त्याने शिकागोची एक किक चुकवली नव्हती. ईशानचा जन्मसुद्धा त्याने मध्यंतरात उरकून घेतला होता, असं शरयूवहिनी म्हणत. तो तसाच दोन पावलं पुढे आला आणि सोफ्यावर दोन बायकांच्या मधल्या जागेत बसला.

"लाव, शरयू," तो म्हणाला. "मी इथेच बसतो. तुला ज्याची भीती वाटतेय ते माझ्याकडे बघत बघत कर."

शरयूवहिनींनी हळदीत बोट बुडवलं, रत्नाला लावली. मग कुंकवात बुडवलं. बोट कपाळापाशी थांबलं आणि टेकलं. टिळा जरा वाकडा आला.

आणि खालून ईशानचा आवाज आला. एक लांबच लांब, जीव पिळवटून काढलेलं "नोऽऽऽ".

बत्तीस बायकांनी एकदम प्रल्हाददादाच्या छातीकडे पाहिलं. शरयूवहिनींनी करंडा टाकून त्याचं मनगट पकडलं. कुंकू गालिच्यावर सांडलं. प्रल्हाददादाने शांतपणे दुसऱ्या हातातलं, ठोके मोजणारं घड्याळ डोळ्यांपुढे धरलं.

"एकाहत्तर ठोके," तो म्हणाला. "शिकागोचा माणूस आहे मी, शरयू. हरण्याने मला काही होत नाही. जिंकलो असतो तर मात्र सांगता आलं नसतं."

ईशान वर आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "डावीकडून गेला. फूटभर. आत्या, दोन मिनिटं बसली असतीस तर..."

"ईशान," प्रल्हाददादा म्हणाला, "बॉल त्या किकरने पायाने मारला. आत्याच्या खुर्चीने नाही."

"बाबा, शहाऐंशीपासून तुम्हीच सांगताय, कोणी जागा बदलायची नाही म्हणून!"

"शहाऐंशीपासून सुपर बोल किती जिंकलो आपण?"

ईशानने बाहीने डोळे पुसले. मागे दारात उभे असलेले गुरुनाथ म्हणाले, "रेफरी मात्र विकला गेला होता," पण त्यांच्या बोलण्यात जोर नव्हता.

सईने गालिच्यावरचं कुंकू पुसायला घेतलं आणि ते आणखी पसरवलं. शरयूवहिनींनी नवऱ्याचं मनगट सोडलं, पुन्हा एकदा धरून पाहिलं, पुन्हा सोडलं. मग ताटातली एक वडी आणि हॅन्ड वॉर्मरची जोडी घेऊन त्या रत्नासमोर आल्या.

"रत्नाताई, तिळगूळ घ्या..." त्या म्हणाल्या. पुढचं म्हणायचं त्यांना धाडस झालं नाही.

रत्नाने वडी घेतली, सगळ्यांसमोर, सावकाश खाल्ली. स्वतःच केलेली होती; गूळ बरोबर पडला होता.

"घेतला," ती म्हणाली. "गोड बोलायचं उद्यापासून बघते. आज जमणार नाही."

"बरं," शरयूवहिनी म्हणाल्या.

"आणि माझे बूट गराजमध्ये आहेत. मी पुढच्या दाराने जाणार आहे."

ईशान आणायला वळला. "तू थांब," शरयूवहिनी त्याला म्हणाल्या. त्यांनी निऱ्या वर धरल्या आणि तेरा पायऱ्या उतरून, पेपर टॉवेलचा डोंगर ओलांडून, रत्नाचे ओले बूट दोन्ही हातांनी वर आणले.